उठवलेल्या गावांना मदत करायचीये? ब्लँकेटं राहू द्या, वही घ्या

दरवर्षी डिसेंबर लागला की मला चार-पाच मेसेज हमखास येतात, दादा आमच्या ग्रुपला आदिवासी गावात ब्लँकेटं वाटायचीत, पेंचकडचं नाहीतर मेळघाटातलं एखादं गाव सांग ना. मी पण आधी हेच केलंय त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही. पहिल्यांदा जंगलातून उठवलेल्या एका गावाच्या पुनर्वसन वस्तीत गेलो तेव्हा गाडीत साठ ब्लँकेटं होती, एका म्हातारीने ब्लँकेट घेतलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बाबू, आमच्या देवाजवळ जाऊ देतील का तेवढं सांग." माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मग त्या एका प्रश्नामागे फिरता फिरता तहसील, वनखातं, वकील, डॉक्टर, सगळीकडे चपला झिजवल्या, आणि जे हाती लागलं ते इथे एका जागी लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या डिसेंबरला मेसेज आला की हेच पाठवता येईल.

आणि हो, उपकार करतोय वगैरे डोक्यातून आधी काढा. नागपूरच्या नळाला येतं ते पाणी पेंचचं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणातलं, जंगलातून आलेलं. शहराला आपण टायगर कॅपिटल म्हणून मिरवतो, तो वाघ ज्या कोअर एरियात, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या जंगलात फिरतो तिथून माणसं बाहेर काढलीत. आणि हे शहर वसवलं कोणी तर गोंड राजा बख्त बुलंद शहाने, १७०२ मध्ये. तेव्हा घरधनी कोण आणि पाहुणा कोण याचा जरा हिशेब ठेवा.

कधी उठवलं, कशासाठी उठवलं, हे पहिलं विचारा

सगळे विस्थापित एकसारखे नसतात भाऊ, आणि कायद्यात तारखेला फार किंमत आहे. जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचा आणि जंगलाचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, पण त्यातली खरी तारीख १३ डिसेंबर २००५. त्या तारखेआधी ज्यांना बेकायदा हुसकलं किंवा पुनर्वसनाचं जे द्यायला हवं होतं ते न देताच हलवलं, त्यांना कलम ३(१)(एम) खाली जागेवरच पुनर्वसनाचा, पर्यायी जमिनीसकट, हक्क आहे. हे कलम फार कमी लोकांना माहिती असतं, अर्ज तर त्याहून कमी होतात. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं आधीची, ताडोब्यातली बोटेझरी, जामणी नंतरची, म्हणजे दोघांना एकच फॉर्म देऊन भागणार नाही. धरणासाठी किंवा एखाद्या सरकारी प्रकल्पासाठी जमिनीचा मोबदला न देता उठवलं आणि ती जमीन पाच वर्षांत वापरलीच नाही, तर त्यासाठी वेगळं कलम आहे, ४(८). हे वकिलाला नक्की सांगा कारण तो विचारेलच असं नाही.

आणि चौथा प्रकार, ज्यांना अजून उठवलेलं नाही पण "चर्चा चालू आहे." इथे तुमची मदत सगळ्यात जास्त कामाची, कारण उठल्यावर धावपळ करण्यापेक्षा उठायच्या आधी कागद नीट असलेला केव्हाही बरा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं की कोअरमधल्या गावांचं पुनर्वसन प्राधान्याने घ्या, त्यात देशभरातली ५९१ गावं आणि ६४,८०१ कुटुंबं मोजलेली आहेत. म्हणजे विषय जुना झाला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

अजून एक गैरसमज, जो मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलाय. नागपूर जिल्हा पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, येत नाही म्हणून रामटेक-पारशिवनीकडे वनहक्क लागू नाही म्हणे. चूक. पेसा फक्त अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे गडचिरोली, मेळघाटातले धारणी-चिखलदरा, यवतमाळ-चंद्रपूरचे काही भाग वगैरे. वनहक्क कायदा जिथे जंगल आहे तिथे सगळीकडे, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात सुद्धा, तसं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय.

जायचं कसं

गावातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय जाऊ नका, एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं. मार्च-एप्रिल मोहफुलांचे, पहाटे चारला लोक झाडाखाली असतात, मे महिना तेंदूपत्त्याचा, तेव्हा तुम्ही "रविवारी अकराला मीटिंग ठेवूया" म्हणालात तर येतात फक्त दोन माणसं आणि एक कुत्रा. सोबत गोंडी किंवा कोरकू बोलणारा एखादा पोरगा-पोरगी घ्या, नागपुरात कितीतरी आदिवासी मुलं होस्टेलला राहून शिकतात, आणि त्यांना फुकट दुभाषी म्हणून वापरू नका, पेट्रोल-जेवण-दिवसाचा मोबदला द्या. वयाने मोठ्यांना दाजी, बाई, जे तिथे चालतं ते म्हणा, "अंकल" नको.

कॅमेरा पहिल्या तीन भेटी खिशात. हे मी चूक करून शिकलोय. एका आजीचा जुन्या गावाबद्दल बोलताना रडतानाचा व्हिडिओ मी काढला, चांगल्या मनानेच, आणि टाकला, खूप फिरला, लोकांनी हार्ट दिले. महिन्याभराने तिच्या नातवाने तिला तो मोबाइलवर दाखवला. पुढच्या वेळी गेलो तर आजी घरात असून बाहेर आली नाही, निरोप आला की "माझं रडणं कोणाकोणाले दाखवलं ते आधी त्याले विचारा." व्हिडिओ काढून टाकला, पण जो गेला तो गेला. त्या घराशी बोलणं परत सुरू व्हायला एक अख्खा पावसाळा लागला.

जुन्या गावाचा नकाशा, सगळं इथूनच सुरू होतं

आता मुख्य काम. लोक मला विचारतात की आधी कायदा बघायचा का आधी मन. माझं म्हणणं असं की या दोन्हीचं काम एकाच कागदावर होतं आणि तो कागद म्हणजे उठलेल्या गावाचा नकाशा, गावानेच काढलेला.

साहित्य काही नाही, आठ-दहा कार्डशीट मागून सेलोटेपने चिकटवायचे, स्केचपेन, पेन्सिल, खोडरबर भरपूर. जमिनीवर पसरायचं. आणि तुम्ही काही काढायचं नाही. पेन म्हाताऱ्यांच्या हातात किंवा ते सांगतील तसं पोरांच्या हातात. आधी नाला काढू द्या, कारण नाला कुठून कुठे जायचा यावर सहसा भांडण होत नाही, मग त्याला धरून वाट, मग विहीर, मग घरं. घरं आली की आवाज वाढतात. आमच्या इथे दोन म्हातारे एका आंब्यावरून अर्धा तास भांडले की तो विहिरीच्या उगवतीला होता की मावळतीला, बाया हसून हसून बेजार, आणि शेवटी कळलं की आंबे दोन होते. ज्या माणसाने मागच्या दोन भेटीत तोंड उघडलं नव्हतं तो त्या आंब्यावर बोलला. मी काही मानसोपचारवाला नाही, पण त्या दिवशी वस्तीत जे वातावरण होतं ते साठ ब्लँकेटांनी आलं नव्हतं.

बायांचा नकाशा वेगळा काढा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या ओट्यावर. पुरुषांच्या नकाशात शेत, बांध, रस्ता, शाळा येते. बायांच्या नकाशात कुठला मोह कोणाच्या घराचा, चारोळी कुठे, टोरी कुठे वेचायची, कंद कुठे, सरपण कुठे, बाळंतिणीचं पाणी कुठून आणायचं, असं येतं. सामूहिक हक्काच्या दाव्याला हीच माहिती लागते आणि पुरुषांना ती अर्धी माहितीच नसते, विचारा कोणालाही.

देवाची जागा, मसणवट, मृतांच्या नावाचे दगड, कोरकूंच्यात मुंडा म्हणजे लाकडी खांब उभे करतात ते, हे सगळं नकाशावर यायलाच हवं, पण दाबून विचारू नका. काही जागा बाहेरच्यांना सांगायच्या नसतात. त्यांनी फक्त गोल काढून आत काही लिहिलं नाही तर तसंच राहू द्या, गोल पुरेसा आहे.

आता कायद्याची बाजू. वनहक्क नियमांतला नियम १३ काढून वाचा, मराठीत मिळतो. पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी आहे त्यात आणि ती यादी वाचताना मला धक्काच बसला होता: विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा, बांध-बंधारे, घराचे अवशेष, वंशावळ, आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्याने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन. म्हणजे तो नकाशा आणि त्या म्हाताऱ्याच्या आठवणी हा कायद्याने मानलेला पुरावा आहे. फक्त एकट्या निवेदनावर भागत नाही, एकापेक्षा जास्त प्रकारचे पुरावे जोडावे लागतात. आणि दावा तपासणाऱ्या समितीला "आम्हाला अमुकच कागद आणा" असा हट्ट धरता येत नाही, हे २०१२ च्या सुधारणेत स्पष्ट आहे.

निवेदन लिहून घेताना त्यांच्याच बोलीत घ्या. "मौजे अमुक येथे आमचे वडिलोपार्जित वास्तव्य होते" अशी भाषा मी पण लिहायचो, वाचून दाखवलं तर सांगणाऱ्यालाच कळेना की हे त्याचंच बोलणं आहे. आता मी लिहितो "माझ्या बापाने ती विहीर खोदली, मी तेव्हा म्हशी राखत होतो, पाणी लागलं तेव्हा बोकड कापला." वर्ष आठवत नसेल तर दुष्काळ, मोठा पूर, कोणाचं लग्न, पहिलं मतदान, याला धरून वर्ष निघतं. वाचून दाखवा, अंगठा किंवा सही, दोन साक्षीदार, तारीख.

यासोबत कागद शोधायचे. आपल्या विदर्भाला एक फायदा आहे, जुन्या सीपी-बेरारचे, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे रेकॉर्ड. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, यात गावाला कुठल्या जंगलातून सरपण, चराई, मासे, रस्ता, याचा काय हक्क होता ते लिहिलेलं असतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये किंवा जिल्ह्याच्या भूमी अभिलेखला अर्ज टाका. मग कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचा दाखल-खारीज, जुन्या मतदार याद्या, जनगणनेतलं गावाचं नाव, सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपो नकाशा. आणि एक कागद जो लोक लाजून लपवून ठेवतात, वनखात्याच्या अतिक्रमणाच्या केसचा, दंडाच्या पावतीचा. अहो तोच तर सोन्याचा! अमुक सालात जंगलाच्या अमुक कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे गटात, हा माणूस शेती करत होता हे खुद्द वनखात्यानेच लिहून दिलंय. एका घरात असा कागद पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षं भीतीने ठेवलेला होता. घरमालकाला वाटायचं तो त्याच्या गुन्ह्याचा पुरावा आहे.

दावा टाकताना

फॉर्म तीन: नमुना अ वैयक्तिक जमिनीसाठी, ब सामूहिक हक्कांसाठी, क सामूहिक वनसंसाधनासाठी, म्हणजे गावाच्या परंपरेने वापरातल्या अख्ख्या जंगलासाठी, ज्याला सगळे सीएफआर म्हणतात. फी लागत नाही, कोणी मागितली तर समजून जा. वैयक्तिक दाव्यात जमीन प्रत्यक्ष कसत असाल तेवढीच, जास्तीत जास्त ४ हेक्टर, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, विकता येत नाही, वारसाने जातो. सगळे आधी अ च्या मागे लागतात कारण "माझ्या नावावर" म्हटलं की बरं वाटतं. पण क फॉर्म विसरू नका. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, देशात पहिल्यांदा, आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला, तेव्हापासून विदर्भातल्या कितीतरी गावांनी तो रस्ता धरला. जमलं तर गावातल्या चार जणांना मेंढ्याला नेऊन आणा. तुमचं दहा तासांचं लेक्चर एकीकडे आणि तिथल्या लोकांशी एक संध्याकाळ एकीकडे.

आदिवासी नसलेले पण जंगलावरच जगणारे, आपल्याकडचे ढिवर, गोवारी वगैरे, यांनाही दावा करता येतो, पण त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कठीण आहे, म्हणून त्यांचे कागद आधी गोळा करायला घ्या.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नाही, या कायद्यात वस्ती-पाड्याची सभा चालते. ती सभा वनहक्क समिती निवडते, १० ते १५ जणांची, किमान दोन तृतीयांश आदिवासी, किमान एक तृतीयांश बाया. सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. हा कोरम मोजून, नावानिशी सह्या घेऊन, रजिस्टरात लिहा. उठवलेल्या गावाची माणसं चार वस्त्यांत फाकलेली असतात, मग सभा कुठली हा प्रश्न येतो. आमच्याकडे चारही वस्त्यांची एकत्र बैठक घेऊन जुन्या गावाच्या नावाने ठराव लिहिला, पण हे पाऊल टाकायच्या आधी वनहक्काचं काम केलेल्या वकिलाला दाखवा.

मग दावा उपविभागीय समितीकडे, म्हणजे एसडीओकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे, म्हणजे कलेक्टरकडे. आणि आता लक्ष देऊन ऐका: पोच घ्या. प्रत्येक कागदाची. तारखेचा शिक्का, सही, आवक नंबर. आम्ही एकदा ३१ दावे एका कार्यालयात विश्वासाने ठेवून आलो, बाबू चांगला माणूस होता, चहा पण पाजला, आठ महिन्यांनी बाबूची बदली झाली आणि दावे "आलेच नाहीत" झाले. सगळं परत. त्यातल्या दोन निवेदनांची माणसं तोवर वारली होती.

नामंजूर झालं तर घाबरू नका, कारण लेखी द्यावं लागतं, आणि तो निर्णय दावेदाराला स्वतःला कळवावा लागतो. कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज. अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेमुळे जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं, म्हणजे गडचिरोलीच्या माणसाचं अपील आपल्या नागपुरात येतं, आणि तेव्हा त्याला रात्री कुठे झोपायचं हा पण प्रश्न असतो बरं. त्याच्याही पुढे हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. आणि "नामंजूर म्हणजे आता जागा खाली करा" असं कोणी म्हटलं तर हे सांगा: सुप्रीम कोर्टाने १३ फेब्रुवारी २०१९ ला नामंजूर दावेदारांना हटवायचा आदेश दिला होता आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच त्याला स्थगिती दिली. कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कोणाला काढता येत नाही. आदिवासी माणसाच्या वनहक्कात आडवं येणं हा ॲट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, हे बऱ्याच ठाणेदारांनाही नवीन असतं, प्रिंट काढून न्या.

पॅकेज घ्यावं का, असं विचारलं तर

उत्तर तुम्ही देऊ नका. खरंच. काही घरांना जायचं असतं, पोरांना शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे, वाघ-डुक्करांना कंटाळलेले असतात, आणि "तुमची संस्कृती जंगलात आहे" हे नागपूरच्या फ्लॅटमधून सांगणं सोपं आहे. तुमचं काम एवढंच की सही करायच्या आधी सगळ्यांना सगळं माहिती असावं.

व्याघ्र प्रकल्पातून गाव सोडायचं पॅकेज २०२१ पासून एका कुटुंबामागे १५ लाख, आधी १० लाख होते. दोन पर्याय असतात, एक सगळे पैसे घ्या आणि आपली सोय आपण करा, दुसरा म्हणजे खात्याने २ हेक्टर जमीन, घर, सोयी देऊन वसवायचं. आणि "कुटुंब" म्हणजे चूल नाही: १८ वर्षांवरचा मुलगा लग्न झालेलं असो नसो वेगळं कुटुंब, १८ वर्षांवरची अविवाहित मुलगी किंवा बहीण वेगळं, विधवा-घटस्फोटित बाई वेगळं, अपंग व्यक्ती कुठल्याही वयाची वेगळं, आईबाप गेलेलं लहान पोर वेगळं. यादी बनते तेव्हा विधवा आणि अपंग हमखास दिराच्या-भावाच्या नावात गुंडाळले जातात. पहिली यादी लागली की घरोघर जाऊन ताळा करा, हे काम शहरातली दोन पोरं दोन दिवसांत करू शकतात.

वन्यजीव कायद्याचं कलम ३८-व्ही सांगतं की हे ऐच्छिक पाहिजे, हक्क आधी मान्य झालेले पाहिजेत, ग्रामसभेची आणि त्या माणसाची माहिती देऊन घेतलेली संमती पाहिजे, आणि नव्या जागेवर जमीन-सोयी दिल्याशिवाय जुन्या हक्कांना हात लावता येत नाही. तेव्हा गावातल्या दहा-बारा जणांना नवी जागा दाखवून आणा, उन्हाळ्यात आणा, पाणी तेव्हाच कळतं. आधी गेलेल्या गावाला पण न्या आणि तिथल्या बायांशी बायांनाच एकट्यात बोलू द्या. मेळघाटातून अकोटच्या बाजूला हलवलेल्या गावांतली माणसं जानेवारी २०१९ मध्ये कंटाळून परत जंगलात जाऊन बसली होती आणि वनखात्याशी मोठी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्यांच्या तक्रारीत जमीन होती, पाणी होतं, आरोग्य होतं.

नव्या जागेचा सातबारा निघाला का ते बघा. जमीन रेकॉर्डला अजून "वन" असेल तर पीककर्ज नाही, विमा नाही, काही नाही. आणि पैसे आले की दुसऱ्या दिवशी गावात ट्रॅक्टरवाले, बाईकवाले, प्लॉटवाले उभे असतात, आठवडाभर आधी बँकेचा विश्वासातला माणूस नेऊन नवरा-बायकोच्या जॉइंट खात्याचं आणि एफडीचं समजावून द्या. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, महसूल संहितेचं कलम ३६-अ, हे पण त्याच बैठकीत.

मनाचं काय

दारू वाढते. म्हातारे बोलायचे थांबतात. पोरांना गोंडी कळते पण बोलायची लाज वाटते. हे सगळं एका "समुपदेशन शिबिरा"त सुटत नाही आणि बॅनर लावून तर नाहीच. नकाशाचं वर सांगितलंच. त्यानंतरची गोष्ट म्हणजे देव. ताडोबाचं नावच तळ्याकाठच्या गोंड देवावरून आलंय, ताडू म्हणा तारू म्हणा, आणि आज तिथे जायला गेट लागतं. जुन्या देवाच्या ठिकाणी वर्षातून एक दिवस पूजेला जायचं असेल तर ग्रामसभेच्या ठरावासह व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना दोन-अडीच महिने आधी अर्ज द्या, माणसांची संख्या, वाहनं, वेळ लिहून. पहिल्या वर्षी नाही मिळालं तर दुसऱ्या वर्षी परत. आम्हाला तिसऱ्या वर्षी मिळाली, सकाळी ८ ते दुपारी २, आणि ब्लँकेटवाली आजी तोवर थकली होती, तिला आम्ही खुर्चीसकट उचलून नेली. कायम हक्क हवा असेल तर पूजेचा परंपरागत हक्क ब फॉर्ममध्ये लिहा. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर खाण व्हावी का हे ठरवायला सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ग्रामसभांनाच सांगितलं होतं, देवाच्या हक्काचा विचार करायला सांगून, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. हा दाखला अर्जात जोडायला हरकत नाही.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा असते, गोंदियाच्या सालेकसा तालुक्यात, गोंडांचं मोठं ठिकाण. वस्तीतल्या लोकांना गाडी करून द्या आणि तुम्ही मागे बसा. फाकलेल्या गावातले सोयरे तिथे भेटतात, लग्नं जुळतात, जुन्या गावाच्या गोष्टी निघतात. कुठल्याही थेरपीपेक्षा मला ते जास्त कामाचं वाटतं, डॉक्टर लोक रागावतील.

पण डॉक्टर पाहिजेतच. कोणी जीव द्यायची भाषा करत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर बाबा-भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदू-पुजाऱ्याकडे, जाऊ देऊन सोबतच १४४१६ ला फोन लावा, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, ओपीडीला सोबत माणूस द्या कारण चिठ्ठी-खिडकी-रांग यातच ते परत फिरतात. आणि एक खास आपल्या भागाचं, अंग दुखतं, थकवा, जीव लागत नाही, याला लगेच "टेन्शन" म्हणू नका, सिकलसेल तपासा, तो रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. गोंड, माडिया, परधान समाजात तो खूप आहे, आणि एका पोरीला आम्ही सहा महिने "गाव सोडल्याचं दुःख" समजत होतो.

नागपुरात बसून

प्रत्येकाने गावात जायची गरज नाही. आरटीआय टाका, १० रुपये, ३० दिवस: संमतीचे ठराव, लाभार्थी यादी, खर्चाचा तपशील. आदिवासी माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता मोफत मिळतो, १५१०० नंबर, ती अर्जाची खटपट तुम्ही करा. हिवाळी अधिवेशनाच्या महिनाभर आधी आमदाराकडे तारांकित प्रश्नाचा मसुदा द्या, आयत्या वेळी नाही. मोर्चा येणार असेल तर यशवंत स्टेडियमजवळ बायांसाठी संडासाची सोय, पाणी, औषधं, परतीच्या गाड्यांचा पत्ता, हे पाहा, आणि गर्दीचं नियोजन हलक्यात घेऊ नका. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात मोर्चात चेंगरून ११४ गोवारी गेले, झिरो माइलजवळ स्मारक आहे, कधी थांबून बघा.

ब्लँकेटांचे पैसे गोळा झालेच असतील तर त्यातून झेरॉक्स, लॅमिनेशन, कोर्ट फी स्टँप, एसटीचं भाडं आणि एक चांगली घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्या, सोबत डांबरगोळ्या. मूळ कागद आणि तो नकाशा त्या पेटीत गावातच राहील, किल्ली कोणाकडे ते ग्रामसभा ठरवेल, तुमच्याकडे फक्त झेरॉक्स. आणि पेटी जून लागायच्या आधी पोचवा, त्या वस्त्यांची छपरं गळतात.